डबेवाली गोजरबाई

गोजरबाईबद्दल कुणी काही विचारायला आलं की गाव माझ्या घराकडे बोट दाखवतं. मी तिची शेजारीण. आमच्या परसाच्या कुंपणाला लागूनच तिचा मळा. तिला आता बोलता येत नाही, घसा पार गेलाय, म्हणून तिचं पुराण मी सांगायचं. परवा शेगावकडच्या दोन शिकलेल्या मुली आल्या. नीट टेकल्याही नव्हत्या, तोच म्हणाल्या, "गोजरबाईंची डब्यावरची गाणी कशी सुरू झाली ते सांगा." मी चहाचं आधण ठेवलं. गाणं मीसुद्धा म्हणते आणि तिच्याहून कितीतरी बरं म्हणते, पण ते विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. तर सांगते. मात्र जिथं माझा जळफळाट झाला तिथं तो झाला असंच सांगेन. तिच्याबद्दल खोटं गोड बोलायला मी काही तिच्या माहेरची नाही.

गोजरबाई दिसायला काटकुळी, रंगानं काळी, चालताना एक खांदा वर. नवरा उकंडराव, गरीब माणूस. दोघं मिळून वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि चिखलीच्या बाजारात नेऊन विकायची. मळ्याच्या पलीकडे थोडी ज्वारी. कणसं भरायला लागली की आमच्याकडे राखण सुरू होते. पुरुष दुसऱ्या कामाला लागतात आणि मचाणावर बसून पाखरं हाकलायचं काम बायांच्या वाट्याला येतं. हातात डालड्याचा रिकामा डबा आणि एक काठी. डबा बडवायचा आणि "हुर्र्या" म्हणून ओरडायचं. गोजरबाई लहानपणापासून हेच करत आलेली. त्यामुळे तिचा आवाज असा झाला होता की घरात बोलली तरी शेतातून बोलते आहे असं वाटायचं. सुराशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

या राखणीचा एक नेम होता. एका मचाणावरून हाक आली की पुढच्या मचाणावरच्या बाईनं ओ द्यायचीच. मग तिच्या पुढचीनं. अशी ती हाक शिवारभर फिरून परत यायची. कुठून ओ आली नाही, तर आजूबाजूच्या बाया काठ्या घेऊन तिकडे धावायच्या. कुणाला पान लागलेलं, म्हणजे साप चावलेला असायचा, कुणाला ताप भरलेला असायचा, तर कधी ज्वारीच्या उभ्या धांड्यातून एखादा मेला भलत्याच हेतूनं आलेला असायचा. खरं सांगायचं तर त्या हाकेनं ज्वारीपेक्षा बायांचीच राखण जास्त होत होती.

आता माझं. माझे वडील महादेवराव भजनात पेटी वाजवायचे. त्यांनी मला मांडीवर बसवून पेटी शिकवली. माझं नाव कोकिळा ठेवलं तेही त्यांनीच. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी लग्न होऊन या गावात आले. किसनराव, म्हणजे आमचे हे, प्राथमिक शाळेत मास्तर. रुखवतात भांड्यांसोबत माझी पेटीही आली होती. पहिल्याच वर्षी मी देवळात भजनाला बसून ती वाजवली. घरी आल्यावर हे म्हणाले, "मास्तराच्या बायकोनं चारचौघांत भाता हलवत बसायचं नसतं." पेटी वर फळीवर गेली. ते जाऊ द्या. गळा तर फळीवर ठेवता येत नाही. मंगलाष्टकं, पाळणे, आरत्या यांना मी लागायचेच. मंडपात माझी मंगलाष्टकं सुरू झाली की वऱ्हाडी मंडळी बोलायची थांबत. एका लग्नात नवरदेवाच्या आजीनं डोळे पुसत माझ्या हातावर साखर ठेवली होती. गावात गळा म्हणजे कोकिळाबाईचा, असं सगळे म्हणत. मलाही ते पटलेलं होतं.

भुलाबाईचे दिवस होते. माझी रुख्मिणी तेव्हा अंगावर पिणारी. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेला मातीचे भुलोजी-भुलाबाई बसतात आणि कोजागिरीला उठतात. त्या वर्षी त्या माझ्या ओसरीवर बसल्या होत्या. शेवटच्या दिवशी दिवेलागणीला आळीतल्या साऱ्या बाया जमल्या. पोरींच्या टिपऱ्या झाल्या, खिरापत ओळखून झाली आणि मग मी गायला बसले. चांगली तासभर गायले. "काय गळा हाय वो मास्तरीणबाईचा," असं म्हणत बायांनी माना हलवल्या. मग हळदीकुंकू झालं आणि नाव घ्यायची टूम निघाली.

एकेकीनं लाजत, पदर चावत नवऱ्याचं नाव घेतलं. पाळी जनकाबाईची आली. ही इंद्रभानची बायको, गोजरबाईच्या शेजारच्या मचाणावर राखणीला असायची. गालावर पदर धरून ती कोपऱ्यात बसली होती. पदराखाली काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. इंद्रभाननं तिला आदल्याच दिवशी भर बाजारात मारलं होतं, निम्म्या गावानं ते पाहिलं होतं आणि आळीतल्या एकीनंही त्यावर चकार शब्द काढला नव्हता.

"जनके, घे ना वो नाव. आता काय नवी नवरी हायेस का?" कुणीतरी म्हणालं.

जनकाबाई मान खाली घालून तशीच बसली.

गोजरबाई तेवढ्यात शेतातून आली होती. पाय धुऊन ओसरीच्या पायरीवर टेकली होती, डबा हातातच होता. ती म्हणाली, "तिच्याकडून मी घेऊ का?"

बाया हसल्या. थट्टा असेल असं त्यांना वाटलं. दुसरीच्या नवऱ्याचं नाव घ्यायची कुठं रीत आहे का? पण गोजरबाईनं डबा पालथा मांडीवर घेतला, काठीनं तीन टोले हाणले आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाली:

"काश्याच्या ताटात बत्तासे मांडले सात,
जनकीच्या गालावर इंद्रभानरावाचा हात."

मग गोजरबाईनं जनकाबाईकडे तोंड केलं आणि मचाणावरून द्यावी तशी हाक दिली, "हुर्र्या." आणि थांबली. काठी तशीच वर धरून थांबली. कुणाला काय करावं कळेना. जनकाबाईचा पदर गालावरून हळूच खाली आला. गाल निळा पडला होता. तिनं इतक्या बारीक आवाजात ओ दिली की मला ती ऐकू येण्याआधी ओठांवर दिसली. काठी डब्यावर पडली. शालूबाईनं ओ दिली, मग तिच्या पलीकडचीनं. राखणीला जाणाऱ्या साऱ्या बाया माझ्या ओसरीवर शिवारात असल्यासारख्या ओरडायला लागल्या. कुणी परात ओढली, कुणी तांब्या बडवला. खिरापतीचा डबासुद्धा सोडला नाही.

मला जनकाबाईची कीव आली का? आली असेल. पण खरं सांगते, आधी माझा जळफळाट झाला. मी तासभर जीव ओतून गायले होते. ते सारं त्या दोन ओळींनी पुसून टाकलं. घरी जाताना एकीच्याही तोंडी माझं गाणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं तेच म्हणत फिरत होती. इंद्रभान चार दिवस पारावर आला नाही. त्याचा हात कायमचा आवरला असं मी म्हणणार नाही, पण उचलायच्या आधी त्याला बत्तासे आठवत असावेत. लोक उकंडरावाला विचारायचे, "काऊन बे, तुहं नाव कधी निंघते डब्यावर?" तो म्हणायचा, "माहं तं रोजच निंघते मळ्यात. तुमी आयकाले नसता."

तिथून त्या बायांची टोळीच झाली. गोजरबाई पुढं, जनकाबाई आणि शालूबाई मागं, आणि शिवारातली जी येईल ती. गावानं हिणवून नाव ठेवलं डबा पार्टी. त्यांनी तेच धरलं. कुणी सून उपाशी ठेवली, कुणी पोरीची शाळा सोडवली, कुणी विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, साऱ्यांचं नाव निघायचं. नेम मात्र राखणीचाच. जिचं गाऱ्हाणं असेल तिनं स्वतः पहिली ओ द्यायची. ती आली तर गाणं पुढं, नाही आली तर तिथंच संपलं. एकदा शालूबाईच्या सासऱ्याचं नाव निघालं. शालूबाई टोळीतलीच, पण त्या दिवशी तिनं जमिनीकडे पाहिलं आणि तोंड उघडलंच नाही. गोजरबाईनं डबा खाली ठेवला, समोरची लाही तोंडात टाकली आणि पाऊसपाण्याचं बोलू लागली. ती ओळ पुन्हा तिच्या तोंडून कुणी ऐकली नाही. मला तेव्हा वाटलं, बरी जिरली.

मलाही त्या टोळीत जायचं होतं. का ते विचारू नका. एका दुपारी हे शाळेत असताना मी कुंपणाशी गेले आणि म्हटलं, "गोजरबाई, मी येऊ का तुमच्यात? चाल बसवून देईन. तुमचं समदं बेसूर हाय."

तिनं निंदता निंदता मान वर केली. "ये ना. पण तुह्या गळ्यातून शिवी निंघाली तरी आरती वाटन माय. लोकं हात जोडतीन."

जवळच्या बाया हसल्या. तीही हसली, मनात काही न ठेवता. पण मी जी तिथून वळले ती पुन्हा विचारायला गेले नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, मळे वाळले आणि सारं गाव सरकारी कामावर खडी फोडायला गेलं. दहा गावच्या बाया एका रांगेत उन्हात बसून हातोडे मारत. गोजरबाई तिथंही होती. डब्याऐवजी हातोडा आणि दगड. एका टोकाला नाव निघालं की दुसऱ्या टोकापर्यंत ओ जायची. मुकादम ओरडायचा, पण हातोडे काही थांबायचे नाहीत, मग तो तरी कशाला अडवेल? काम संपून बाया आपापल्या गावी गेल्या त्या ही गाणी घेऊनच. बीबी गावाकडच्या बायांनी त्यात आपली नावं घातली, मेहकरकडच्यांनी आपली. पुढं एका लग्नात मी मंगलाष्टकं संपवली, तर नवरीच्या मावशीनं विचारलं, "तुमच्या गावच्या त्या डबेवाल्या नाही आल्या का वो?" हातातल्या अक्षता त्या बाईच्या अंगावर फेकाव्यात असं मला वाटलं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण तिनं माझ्या रुख्मिणीला ओढलं, ते गिळता येईना.

रुख्मिणीचा गळा माझ्यावर गेला होता. पाच वर्षांची असताना तिनं माझ्या मागून पाळणा म्हटला, एक सूर हलला नाही. मी ठरवलं, वडिलांनी मला दिलं ते हिच्यात उतरवायचं. रोज सकाळी सूर धरायला बसवायची. पेटी फळीवर, म्हणून मीच "सा" लावायची आणि तिनं त्यात मिसळायचं. दुधात ज्येष्ठमध घालून द्यायची, आंबट खाऊ द्यायची नाही. आणि ही पोर शाळा सुटली की दप्तर टाकून मचाणावर. काठी तिच्या हातात, डबा गोजरबाईच्या हातात, आणि दोघी गळे फाडून ओरडताहेत. संध्याकाळी घरी यायची ती घसा बसवून. सकाळी "सा" लावायला सांगितलं की खरखर निघायची. मी मारलं, कोंडलं, शपथा घातल्या. खिडकीतून हाक आली की ही आतून ओ द्यायची.

एक दिवस मी पदर खोचून मळ्यात गेले. गोजरबाई वांगी तोडत होती.

"माह्या पोरीचा गळा नासवला तू," मी म्हटलं. "देवानं दिलेला गळा होता तो. तुले स्वतःले लेकरू नाही म्हणून माहं नेऊन राह्यली का?"

हे बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. तेव्हा मला ते अगदी बरोबर वाटलं. गोजरबाईनं वांगं टोपलीत टाकलं. रागावली नाही. म्हणाली, "मी नाही बलावलं तिले. आपल्या पायानं येते. तू शिकव ना तिले घरी."

"शिकवूनच राह्यलो मी."

"पेटीवर?"

तिनं मुद्दाम विचारलं की सहज, हे मला आजही कळलेलं नाही. मुद्दामच विचारलं असणार. मी घरी येऊन भांडी आपटली आणि यांनी विचारलं तेव्हा डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

रुख्मिणी मॅट्रिकला गेली त्या सुमाराला गोजरबाईचा घसा गेला. आधी नुसता घोगरा होत गेला, मग रक्त पडलं, मग अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं, आता हा आवाज परत येणार नाही. लोक हळहळले. मलाही वाईट वाटलं, पण त्याखाली एक बारीकशी गुदगुली होती, तीही सांगून टाकते. मनात म्हटलं, आता डबा आपोआप बंद पडेल आणि पोर माझ्याकडे येईल.

आलीच की. त्याच वर्षी चिखलीला शाळेच्या पटांगणात महिलांचा मोठा मेळावा ठरला आणि स्वागतगीत म्हणायला रुख्मिणीला बोलावलं. ती आपणहून मला म्हणाली, "आई, चाल तू बसवून दे." महिनाभर आम्ही मायलेकी बसलो. घोगरेपणा पुष्कळसा गेला. तिच्या तोंडून माझा सूर निघायला लागला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले. यांनाही अभिमान वाटला. मेळाव्याच्या दिवशी इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून हे आमच्यासोबत एसटीनं आले आणि पुरुषांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसले. मी बायांत, जरा मागं. गोजरबाई अगदी पुढं, जनकाबाईला टेकून बसली होती.

रुख्मिणीनं स्वागतगीत म्हटलं. कुठंही चुकलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांनी मान डोलावली. मी आजूबाजूला पाहून घेतलं, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून. तिनं आता उतरायचं होतं. ती वाकली आणि टेबलाच्या कापडाखालून तिनं डालड्याचा डबा काढला.

डबा गोजरबाईचाच. त्याच्या बुडाचा पोचा मी दुरूनही ओळखला असता. बायांमध्ये एकदम खसखस पिकली. रुख्मिणीनं टोले दिले आणि महिनाभर दूध पाजून मऊ केलेला गळा फाडून ती म्हणाली:

"फळीवर ठेवली पेटी, तिच्यावर धुळीचा थर,
किसनरावाच्या नावानं गप हाय सारं घर."

मग तिनं "हुर्र्या" केलं, माझ्याकडे तोंड केलं आणि काठी वर धरून थांबली.

पुरुषांच्या बाजूला हे उभे राहिलेले मला दिसले. कानशिलं लाल झाली होती. नेम साऱ्या बायांना ठाऊक होता. मी गप्प बसले तर रुख्मिणी डबा खाली ठेवणार होती, आणि पुन्हा तो उचलायचं तोंड तिला उरणार नव्हतं. गोजरबाईचा डबा तिथंच संपला असता. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं, आणि त्यासाठी काही करायचंही नव्हतं, फक्त जमिनीकडे पाहायचं होतं. गोजरबाई मागं वळलीही नाही. रुख्मिणीनं काठी तशीच वर धरून ठेवली होती. तिनं माझंच गाऱ्हाणं मांडलं होतं. मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. रोज पेटीविना "सा" लावताना तिनं ते ऐकलं असणार.

मी ओ दिली.

कुठून निघाली कोण जाणे. कुठल्याच पट्टीतली नव्हती. खाकरल्यासारखी, चिरकी, अशी माझ्या गळ्यातून कधी निघाली नव्हती. काठी डब्यावर पडली आणि पटांगणभर बायांचा आवाज उठला. यांनी टोपी नीट केली आणि हे एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागले. एरवी मी पिशवी उचलून मागोमाग निघाले असते. त्या दिवशी बसून राहिले.

शेजारी एक बाई होती, बीबीकडची, अनोळखी. टाळ्या वाजवता वाजवता तिनं मला कोपरानं ढोसलं. "कोणाची वो ही पोरगी? गोजरबाईची का?"

"माही हाय," मी म्हटलं.

"तुही? मंग हे असं कुठं शिकली?"

नुसतं हसून मान फिरवता आली असती. पण ती बाई माझ्या तोंडाकडे पाहत राहिली होती.

"गोजरबाईजवळ," मी म्हटलं.

"तरीच," ती म्हणाली. "मले वाटलंच, घरी शिकल्याली नाही."

मला उठून तिचा कान पिळावासा वाटला. तेवढ्यात रुख्मिणीनं पुढचं नाव घेतलं, कुठल्या तरी गावच्या कुठल्या तरी बाईच्या नवऱ्याचं, आणि त्या बाईची ओ आल्यावर साऱ्यांबरोबर मीही दिली.